लोहाऱ्यात अडलेलं पाणी

पुण्यात आमच्या घरी कुणी मनाला येईल तसं वागायला लागलं, की वडील खेकसायचे, "ही काय मोगलाई लागून गेली?" खरी मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, सोलापूर सोडल्यावर तासाभरात सुरू होते हे मला ठाऊक होतं. पण त्या खेकसण्यामुळं तिचं जे चित्र लहानपणी मनात बसलं, ते चाळिशी उलटली तरी पुसलं गेलं नव्हतं. त्यामुळं गंगूआत्यानं औशाला जायचं काढलं, तेव्हा मी आधी ते पुढं ढकलता येतंय का ते पाहिलं.

गंगूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून आमच्याच घरी. एकुलती एक लेक निजामाच्या मुलखात औशाला दिलेली, आणि तिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता. आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात मूल जन्मलं, की थोड्याच दिवसांत गुरूच्या हातून त्याच्या गळ्यात लिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत उतरत नाही. प्रत्येक जेवणाआधी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि मगच अन्नपाणी; ते अंगावर नसेल तर थेंबही नाही. एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तर नातवाच्या गळ्यात लिंग बांधताना आजीनं समोर असायचं, असा आत्याचा हट्ट. सोबतीला मी.

मी रविवार पेठेत किराणा दुकान चालवतो, आणि काळजी हा माझा जोडधंदा आहे. माझी बायको म्हणते, यांना देवानं सुख दिलं तर हे आधी ते परत तर मागणार नाही ना म्हणून विचारतील. म्हणू दे. मन चिंती ते वैरी न चिंती हे खरं असलं, तरी या प्रवासात जे झालं ते माझ्याही मनाला सुचलं नव्हतं. परत आल्यापासून लोक औशाबद्दल विचारतात. औसा पाहण्यासारखा आहे. पण मला आठवतं ते मधलं लोहारा, जिथं आम्हाला नुसती गाडी बदलायची होती.

नाका

दसरा होऊन गेला होता आणि ऊन असं होतं की वैशाख परत आला की काय वाटावं. सोलापुरात आत्यानं पहाटे पूजा केली, घोटभर पाणी आणि अर्धी भाकरी घेतली, आणि आम्ही निघालो. हद्दीवर इंग्रजी मुलखातली मोटार सोडायची, करोडगिरीच्या नाक्यावर सामान दाखवायचं, आणि पलीकडं मोगलाई मोटारीत बसायचं. करोडगिरी म्हणजे जकात. तिथं चांदी दिसली की ठेवून घेतात, असं मोटारीतल्या एका गृहस्थानं मला सोलापूरपासून हद्दीपर्यंत चार वेळा सांगितलं. आमच्या गाठोड्यात बाळासाठी चांदीच्या डबीत नवं लिंग होतं, आणि आत्याच्या गळ्यात तिचं स्वतःचं, तेही चांदीच्याच डबीत. माझी पाचावर धारण बसली.

नाक्यावरचा अंमलदार लांब दाढीचा, थकलेल्या डोळ्यांचा होता. त्याला जरा खूश करावं म्हणून मी पानाचा डबा पुढं केला. त्यानं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "रोजा है." रमजान चालू होता. मला इतकं ओशाळं झालं की डब्याचं झाकणही धड लागेना, आणि कात सगळा त्याच्या टेबलावर सांडला. तो पुसता पुसता मी त्यावर पाणी सांडलं. आत्या मागून म्हणाली, "मल्ल्या, तू आता काही करू नकोस."

गाठोडं सोडलं गेलं. शेंगांची चटणी, खारका, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, आणि मग ती चांदीची डबी. अंमलदारानं हात पुढं केला, तशी आत्या शांतपणे म्हणाली, "त्याला हात नका लावू. नातवाचं लिंग आहे." मी डोळे मिटून घेतले. पण त्या माणसानं हात मागं घेतला आणि म्हणाला, "बांधून घ्या, अम्मा." एवढ्यावर झालं. मोटारीतले ते गृहस्थ मात्र सोबत आणलेल्या कापडापायी बराच वेळ अडकून पडले. मला त्यात जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मोगलाईतली मोटार पाहून मात्र जीव पुन्हा टांगणीला लागला. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं आपल्या न्हाणीघरातल्या बंबासारखा एक मोठा बंब लावलेला, त्यात कोळसा पेटवलेला, आणि त्याच्या धुरावर ती चालत होती. आत नुसत्या लाकडी फळ्या. आत्या कडेच्या फळीवर बसली. नळदुर्गापर्यंत रस्ता बरा होता, पुढं मात्र खड्डे मोजण्यात अर्थ नव्हता. चढ आला की ड्रायव्हर उतरून बंब ढोसायचा आणि आम्ही पुरुषांनी गाडी ढकलायची. माझ्या वहाणेचा अंगठा पहिल्याच चढाला तुटला. दोन्ही बाजूंनी काळीभोर रानं, कुठं पेरणी चाललेली, कुठं तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली. पाहायला फार छान होतं. मी एक वहाण हातात घेऊन पाहत होतो.

लोहारा, गुरुवार

दुपारी लोहाऱ्याला उतरलो. आम्हाला उतरवून मोटार लगेच परत फिरली. औशाची मोटार कुठं लागते म्हणून मी विचारलं, तर पानपट्टीवाला म्हणाला, "औशाची गाडी? ती गेली की तुळजापूरला. देवीची पुनव आलीया. समद्या गाड्या तिकडंच."

"मग आता कधी?"

"पुनव झाल्याबिगर न्हाय बगा."

पुनव रविवारी. बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचं सोमवारी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. मी तिथंच एका दुकानाच्या ओट्यावर बसलो आणि बैलगाडी केली तर किती वेळ लागेल, वाटेत चाक मोडलं तर काय, याचा हिशोब करायला लागलो. ते दुकान निघालं भुसाराचं, आणि दुकानदार विश्वनाथअप्पा आमच्यासारखेच वाणी. आत्याच्या कपाळावरची विभूती पाहून ते गल्ल्यावरून उठून आले.

"वाणीच न्हवं का तुमी? मग वाटसरावानी ओट्यावर का बसलाव? चला घरी."

पुण्यात असं कुणी म्हणालं असतं, तर मी आधी त्याच्या हेतूचा विचार केला असता. इथं विचार करायला सवडच मिळाली नाही. त्यांनी गाठोडं उचललं आणि चालायला लागले. घर दुकानामागंच. त्यांची बायको काशीअक्का निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायची. मी आत्याला 'तू' म्हणतो हे ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्याकडं आत्याला काय, थोरल्या बहिणीलाही 'तुम्ही' म्हणतात. मग तिच्यादेखत मी आत्याला 'तुम्ही' म्हणायचा प्रयत्न केला, तर आत्या म्हणाली, "मी मेले का काय, असा परका का बोलतोयस?"

काशीअक्कानं चुलीवर धपाटी टाकली होती. करडईच्या तेलाचा वास सगळ्या घरभर होता. आत्या आंघोळीला गेली. पूजा करायची आणि जेवायचं, एवढंच राहिलं होतं. ती ओल्या लुगड्यानंच बाहेर आली. एक हात गळ्याशी.

"मल्ल्या," ती म्हणाली, "दोरा आहे. लिंग नाही."

दोऱ्याची दोन्ही टोकं तिच्या मुठीत होती, झिजून तुटलेली. आम्ही न्हाणी पाहिली, लुगडं झटकलं, गाठोडं उपसलं, अंगणातली माती चाळली. मी मोटार थांबली होती तिथपर्यंत वाकून वाकून गेलो, एक पाय वहाणेत आणि एक अनवाणी. लोकांनी विचारलं काय हरवलं, आणि सांगितल्यावर तेही वाकले. शेवटी दहापंधरा माणसं लोहाऱ्याच्या बाजारात जमिनीकडं बघत फिरत होती. काही सापडलं नाही. म्हणजे मोटारीत पडलं असणार, नाहीतर नळदुर्गापासूनच्या कुठल्यातरी खड्ड्यात. आणि मोटार तर गेली तुळजापूरच्या जत्रेत.

परत आलो तर आत्या भिंतीला टेकून बसली होती. पुढं पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. मला एकदम समजलं. लिंगाची पूजा झाल्याशिवाय अन्नपाणी नाही. लिंगच नाही, तर पूजा कशाची? सकाळी सोलापुरात प्यालेल्या त्या घोटानंतर तिच्या पोटात थेंब गेला नव्हता, आणि आता जाणारही नव्हता. वय साठीच्या पुढचं.

"आत्या, अडीनडीला देव समजून घेतो," मी म्हणालो.

"देव घेईल. मी नाही घेणार."

मग मला सुचलं की बाळाचं लिंग गाठोड्यात आहे. ते तिच्यापुढं ठेवलं. औशात दुसरं घेता येईल, तोवर हे बांध, असं मी फार हुशारीनं सांगितलं. आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की चाळिशीचा मी दहा वर्षांचा झालो.

"गुरूनं हातावर ठेवल्याशिवाय तो नुसता दगड आहे, मल्ल्या. आणि ठेवल्यावर तो माझ्या नातवाचा आहे. तू जेवून घे जा."

विश्वनाथअप्पा गावातल्या मठात जाऊन आले. मठातले महाराज हुमनाबादकडं गेलेले, केव्हा येतील ते सांगता येत नव्हतं. काशीअक्कानं मला जेवायला वाढलं, पण आत्यासमोर घास घेववेना. शेवटी अप्पांनी मला दुकानामागच्या कोठारात नेलं, आणि ज्वारीच्या पोत्यांआड बसून मी दोन धपाटी खाल्ली. ती फार चवदार होती, आणि त्यामुळंच मला आणखी वाईट वाटलं.

शुक्रवार

सकाळी आत्या उठली, भिंतीला टेकली, आणि तिनं आदल्या दिवसाचीच जागा धरली. ओठांवर पांढरं दिसायला लागलं होतं. बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती, म्हणून ती बोलायचंच टाळत होती. माझं डोकं चालेना. औशाला तिच्या लेकीला निरोप पाठवावा, लेक येऊन हातापाया पडली तर ही ऐकेल, असं वाटून मी तडक टपाल कचेरी गाठली. दाराला कुलूप. आज काय रविवार आहे का, म्हणून मी पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"जुम्मा हाय पाव्हणं," तो म्हणाला. "आज समद्या कचेऱ्या बंद. तुमच्याकडं उघड्या असत्यात?"

आमच्याकडं रविवारी बंद असतात म्हटलं, तर त्यालाही आश्चर्य वाटलं. रविवारी कशाला, असं त्यानं विचारलं. जन्मभर रविवारी दुकानात गिऱ्हाईक सांभाळलं, पण रविवारच का, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

अप्पांनी तोवर बैलगाडी जुंपून ठेवली होती. सास्तूरच्या वाटेवर एका वाडीत एक वृद्ध स्वामी राहत, ते नवं लिंग देऊ शकतील असं कुणीतरी सांगितलं होतं. मी निघालो. एरवी त्या वाटेचं मी कौतुक केलं असतं. माळावर गवत पिवळं पडायला लागलेलं, ओढ्याला अजून पाणी, बांधावर बायका भाकरी घेऊन बसलेल्या आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हाक मारून खायला बोलावणाऱ्या. मला त्या ओढ्याचं पाणी तेवढं दिसत होतं. गाडीवान वाटेत उतरून ओंजळीनं प्याला आणि मला म्हणाला, "प्या की." मला जमलं नाही. आदल्या दिवशी धपाटी खाल्लेलं पोट आज पाण्यालाही तयार होत नव्हतं.

स्वामी खाटेवर बसून होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लिंग देईन. आजच देईन. पण तिच्या तोंडून यायला पायजे की जुनं गेलं. तुमच्या तोंडून न्हाय, तिच्या. ती आशा धरून बसली आसंल तर मला तिच्या हातावर दुसरं ठेवता यायचं न्हाय."

म्हणजे नुसत्या एका शब्दाचं काम होतं. मी बैलांना पिटाळत परत आलो. म्हणजे गाडीवान पिटाळत होता आणि मी त्याला. दुपार टळली नव्हती. आत्यापुढं बसून मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "फक्त गेलं म्हण. एवढंच. गाडी दारात उभी आहे, मी तुला उचलून नेतो."

तिनं तुटका दोरा उचलून मांडीवर ठेवला. मला वाटलं, कबूल होते आहे.

"गेलेलं नाही," ती म्हणाली. आवाज कागद फाटावा तसा. "पडलंय कुठंतरी. पाळण्यात असल्यापासून माझ्याजवळ आहे. नवरा गेला, भाऊ गेला, ते राहिलं. आता ते बिचारं कुठंतरी धुळीत वाट बघत असेल, आणि मी म्हणू गेलं?"

मी चिडलो. सरळ सांगतो, फार चिडलो. उठून अंगणात गेलो आणि कडुनिंबाखाली उभं राहून रडलो. इतका मोठा माणूस परक्या गावात, परक्याच्या अंगणात. तिची लेक औशाला दाराकडं डोळे लावून बसलेली, आणि तिला मी काय सांगणार? की तुझी आई वाटेत लोहाऱ्याला तहानेनं गेली, आणि मी बाजूला तांब्या घेऊन उभा होतो? काशीअक्का माझ्यामागं आली. अंगणातल्या रांजणातून तांब्या भरून ती परत आत गेली. तिनं फक्त नेसूचा पदर ओला करून आत्याच्या तळपायांना लावायला सुरुवात केली. पाणी बाहेरून लावलेलं चालतं, एवढंच तिच्या हातात होतं.

मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पुनवेला तुळजापूरकडं निघालेली माणसं अनवाणी, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून, जथ्याजथ्यानं चालली होती. दिसेल त्याला मी सांगत होतो, बंबाची मोटार दिसली तर आत बघा, कडेच्या फळीखाली बघा, चांदीची डबी आहे, हात लावू नका, पण बघा. लोक ऐकून घेत आणि "आईराजा सांभाळंल" म्हणून पुढं जात. ऊन कलायला लागलं. अप्पांनी मला सांगावा पाठवला, आत्याबाई हाकेला डोळे उघडत नाहीत, जवळ जाऊन हलवावं लागतं.

मी घराकडं वळणार, एवढ्यात मागून भोंगा वाजला.

फळी

मोटार बाजाराच्या तोंडाशी थांबली. लोहाऱ्याचे यात्रेकरू न्यायला आली असणार म्हणून मी धावलो, आत शिरायचं आणि फळ्या उचकायच्या या इराद्यानं. पण ड्रायव्हर आधीच उतरला होता. कालचाच, बंब ढोसणारा. त्याच्या डोक्यावर मोटारीतली बसायची आख्खी फळी होती, दोन्ही हातांनी सावरलेली, आणि फळीवर एक दुरडी पालथी घालून सुतळीनं आवळून बांधलेली. तो इतका जपून पाऊल टाकत होता, की समोरची माणसं न सांगता बाजूला होत होती. बाजारातली कुत्रीसुद्धा उठली.

"ती म्हातारी अम्मा कुठं उतरल्यात?" त्यानं विचारलं.

मी नुसता पुढं चालत राहिलो, तो मागून. अंगणात त्यानं फळी उतरवली, सुतळी सोडली, दुरडी उचलली. फळीच्या दोन पट्ट्यांमधल्या खाचेत चांदीची डबी अडकलेली होती, धुळीनं माखलेली, पण मिटलेली.

त्याचं नाव दस्तगीर. राहणारा सास्तूरचा. काल रात्री तुळजापुरात गाडी झाडताना त्याला ती दिसली. "आमच्या शेजारी वाण्याचंच घर हाय," तो म्हणाला. "तिथली आजी म्हणायची, माझं लिंग माझ्या पोराला बी शिवू देत न्हाय म्या. मग म्या कसा हात लावू? फडक्यानं उचललं आसतं, पन हात तो हातच न्हवं का. म्हनून फळीच काढली. चार खिळं व्हतं."

"आणि मोटार?"

"यात्रेकरू एक फळी कमी बसतील. आज जुम्म्याची नमाज झाली, आन लोहाऱ्याचे लोक आनायला जातो म्हनून निघालो."

काशीअक्का आणि मी आत्याला धरून अंगणात आणलं. तिला नीट दिसतही नव्हतं. मी तिचा हात धरून फळीवर ठेवला, आणि बोटांनी चाचपडत तिनं ती डबी शोधली. ती डबी गळ्याशी धरून वाकली, आणि तिची पाठ नुसती हलत राहिली. दस्तगीर तोंड फिरवून कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला.

मग आंघोळ. काशीअक्कानं घातली. नवा दोरा अप्पांनी आणला. आत्यानं लिंग तळहातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली, दोन बेलाची पानं वाहिली. एरवीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक वस्तू तिला हातानं शोधावी लागत होती आणि माझ्या मदतीची सोय नव्हती. मी तांब्या घेऊन शेजारी उभा. शेवटी तिनं डोळे उघडले. मी तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि थांबली.

"तो माणूस गेला का?"

"नाही. बाहेर आहे."

"उन्हातान्हाचा आलाय. त्याला पाणी दिलंस?"

"रोजा आहे त्याचा, आत्या. सूर्य बुडाल्याशिवाय ते घेत नाहीत. तू पी."

आत्यानं तांब्या खाली ठेवला.

"मग थोडं थांबू," ती म्हणाली.

मला ऐकू आलं, पण पटेना. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. लिंग मिळालं, पूजा झाली, आता कुठला नियम राहिला? कुठल्या गुरूनं सांगितलंय हे? जीव जायची वेळ आली आणि तुला आता दुसऱ्याचाही उपास करायचाय?

"नियम नाही रे," ती म्हणाली. "तो कोरड्या तोंडानं माझं घेऊन आला. त्याच्यासमोर मी घटाघटा पिऊ? माझ्या घशाखाली नाही उतरणार."

दस्तगीरनं ते ऐकलं. तो अंगणात येऊन आत्यापुढं खाली बसला आणि हात जोडून अजीजीनं बोलायला लागला. "अम्मा, प्या. आमाला सवय हाय. म्हैनाभर चालतं आमचं. तुमी माज्यापायी थांबलाव तर मला गुन्हा लागंल." आत्या त्याच्याकडं पाहून नुसती मान हलवत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी अप्पांकडं पाहिलं. कुणाचंच काही चालेना. शेवटी आम्ही सगळे अंगणात बसून पश्चिमेकडं बघायला लागलो. सूर्य मशिदीच्या भिंतीवर हातभर होता. इतका सावकाश सूर्य मी ना पुण्यात पाहिला ना कुठं. आत्याचं डोकं माझ्या खांद्यावर. मधूनमधून ती इतकी शांत व्हायची की मी तिच्या नाकापुढं बोट धरत होतो. दस्तगीर ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. काशीअक्कानं दोन तांबे समोरासमोर ठेवले, एक त्याच्यापुढं, एक आत्यापुढं. आमच्या गाठोड्यातली एक खारीक मी त्याच्या हातावर ठेवली.

बांग झाली. दस्तगीरनं खारीक तोंडात टाकली आणि घाईघाईनं, दाखवायला म्हणून, तांब्या वर करून पाण्याचा घोट घेतला. "झालं, अम्मा. बगा, प्यालो. आता तुमी."

मी आत्याचं डोकं सावरलं. तिनं एक घोट घेतला. तो घशात उतरताना आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तिनं तोंड वाकडं केलं. आम्ही घाबरून पुढं झालो.

"मल्ल्या," ती म्हणाली, "इथलं पाणी मचूळ आहे रे."

दस्तगीर मोठ्यानं हसला आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले. "पयला घोट तसाच लागतो, अम्मा," तो म्हणाला. "दुसरा घ्या."

आत्यानं दुसरा घेतला, मग तिसरा, आणि तांब्या रिकामा करून काशीअक्कापुढं धरला.